शंभर सामने म्हणजे नेमके किती?

ऑस्ट्रेलियातल्या महिलांच्या 'फूटी' (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) लीगबद्दल, म्हणजे 'एएफएलडब्ल्यू'बद्दल, या वेळी पत्रांचा ढीग आला आणि बहुतेकांचा रोख एकाच रकान्यावर होता: कोण किती सामने खेळली. खेळाची नव्या वाचकांपुरती ओळख अशी: चेंडू अंडाकृती, मैदान क्रिकेटचं असतं तसं लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब आणि मैदानात एका वेळी दोन्ही बाजूंच्या सोळा-सोळा जणी. पुरुषांच्या लीगमध्ये अठरा-अठरा असतात. आता पत्रांकडे वळू.

नाशिकहून एक वाचक विचारतात: महिलांच्या लीगमध्ये शंभर सामने झाले म्हणून एवढा गाजावाजा कशाला? पुरुषांत तर चारशेच्या पुढचे खेळाडू आहेत. सर्वाधिक सामन्यांच्या यादीत पुढे कोण आहे?

शंभरी गाठणारी पहिली खेळाडू ब्रिस्बेन लायन्सची अ‍ॅली अँडरसन. वर्ष २०२५. मधल्या फळीत खेळणारी, दिवसभर चेंडूच्या मागे असणारी खेळाडू. २०२२ च्या दुसऱ्या हंगामात लीगमधली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिची निवडही झाली होती.

गाजावाजा का, ते समजायला वेळापत्रक उघडावं लागतं. लीग सुरू झाली ३ फेब्रुवारी २०१७ ला. त्या वर्षी प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीचे फक्त सात सामने होते. २०१८ आणि २०१९ मध्येही सातच. २०२० मध्ये करोनामुळे सहा. २०२१ मध्ये नऊ. २०२२ मध्ये दोन हंगाम झाले, प्रत्येकी दहाचे. २०२३ मध्ये दहा, २०२४ मध्ये अकरा, २०२५ मध्ये बारा. करा बेरीज: ८९. म्हणजे पहिल्या दिवसापासून संघात असलेली, एकदाही न आजारी पडलेली, एकदाही न वगळलेली खेळाडूसुद्धा २०२५ च्या साखळीअखेर फार तर ८९ वर असती. शंभर गाठायला उरलेले किमान अकरा सामने अंतिम टप्प्यातूनच, म्हणजे तिथे ज्याला 'फायनल्स' म्हणतात तिथूनच यायला हवेत. आणि ते मिळायला आपला संघ वर्षानुवर्षं तिथवर पोहोचावा लागतो.

अँडरसनचा संघ पोहोचला. २०२५ पर्यंत लीगच्या नऊ ग्रँड फायनल, म्हणजे अजिंक्यपद ठरवणारे शेवटचे सामने, झाल्या आणि त्यांतल्या सात ब्रिस्बेन खेळलं. जिंकली दोनच, २०२१ आणि २०२३ ची, पण सामन्यांच्या रकान्यात हरलेली फायनलही जिंकलेलीइतकीच मोजली जाते. त्यामुळे या विक्रमात तिची तंदुरुस्ती जेवढी आहे तेवढाच तिच्या क्लबचा दबदबाही आहे. यात तिचं श्रेय कमी होत नाही. फारसे सामने न चुकवता दहा हंगाम काढणं, तेही अशा धक्काबुक्कीच्या खेळात, सोपं नाही.

पुरुषांशी तुलना करायचीच तर नॉर्थ मेलबर्नचा ब्रेंट हार्वे घ्या. १९९६ ते २०१६, एकवीस हंगाम, ४३२ सामने. हंगामामागे विसाहून जास्त. महिलांच्या पहिल्या दहा हंगामांत सरासरी नऊ साखळी सामनेही पडत नाहीत. नुसते एकूण आकडे समोरासमोर ठेवणाऱ्याला वेळापत्रकाचा पत्ता नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं चाललं तर प्रत्येक खेळाडूच्या आकड्याशेजारी 'पैकी किती' हे छापणं सक्तीचं करीन.

पुण्याहून संख्याशास्त्राची एक विद्यार्थिनी लिहिते: मी खेळाडूंच्या सामन्यांची एक्सेल शीट ठेवते. माझी बेरीज अधिकृत आकड्यांशी कधीच जुळत नाही. कोणते सामने धरायचे, कोणते नाही?

तुमच्या शीटमध्ये चूक कुठे होत असेल याचे तीन अंदाज.

पहिला, फायनल्स. तुम्ही त्या वेगळ्या रकान्यात ठेवल्या आहेत, बहुधा बास्केटबॉल बघण्याच्या सवयीने. अमेरिकेत प्लेऑफचे आकडे वेगळे मांडतात. ऑस्ट्रेलियात तसं नाही. साखळी आणि फायनल्स मिळून एकच बेरीज.

दुसरा अंदाज, तुम्ही हंगामाऐवजी वर्ष धरलंय. २०२२ मध्ये दोन हंगाम झाले हे वर आलंच. एक जानेवारी ते एप्रिल, दुसरा ऑगस्ट ते नोव्हेंबर. ९ एप्रिलला अ‍ॅडलेडने मेलबर्नला हरवून अजिंक्यपद घेतलं आणि २७ नोव्हेंबरला मेलबर्नने ब्रिस्बेनला हरवून ते आपल्याकडे नेलं. शीटमध्ये '२०२२' अशी एकच ओळ असेल तर दुसरा हंगाम पहिल्यावर चढून बसतो, आणि प्रत्येक खेळाडूचे दहाएक सामने गायब. तिकडचे लोक म्हणूनच वर्षाऐवजी 'सहावा हंगाम', 'सातवा हंगाम' असं बोलू लागले होते. तुम्हीही त्या दोन ओळींना तीच नावं द्या.

तिसरा, तुम्ही नको ते सामने धरलेत. हंगामाआधीचे सराव सामने मोजायचे नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याचा संघ उर्वरित ऑस्ट्रेलियाच्या संघाशी खेळला, तोही नाही. आणि २०१३ पासून लीग सुरू होईपर्यंत मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबांच्या नावाने जे प्रदर्शनी सामने झाले, तेही नाहीत. त्यांतला पहिला २९ जून २०१३ ला एमसीजीवर झाला, पुरुषांच्या सामन्याआधी. इतिहासात त्याला मोठं स्थान आहे. बेरजेत शून्य.

क्लब बदलला तरी बेरीज तुटत नाही. एमा कर्नी २०१८ मध्ये बुलडॉग्जकडून अजिंक्यपद जिंकली, त्याच वर्षी लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१९ मध्ये नॉर्थ मेलबर्नची पहिली कर्णधार झाली. तिचे दोन्हीकडचे सामने एकाच खात्यात जमा होतात. क्लबचा आकडा मात्र वेगळा ठेवतात, तेव्हा तुम्हाला दोन रकाने लागतीलच.

२०२० चं तुम्ही शेवटी विचारलंय. ते सामने धरायचे. सहा फेऱ्या आणि फायनल्सचा पहिला आठवडा झाला, मग मार्चमध्ये सगळं बंद पडलं. त्या वर्षी अजिंक्यपद कोणालाच दिलं नाही. फ्रीमँटल तोवर एकही सामना हरलं नव्हतं, पण हाती काही लागलं नाही. खेळाडूंचे सामने तेवढे खात्यावर राहिले.

सांगलीचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक: डेझी पिअर्स हे नाव सगळीकडे आदराने घेतलं जातं. आकडे पाहिले तर जेमतेम ५५ सामने. मग ही थोर खेळाडू कशी?

सर, या एका प्रश्नासाठी मी अख्खा रकाना खर्च करायला तयार आहे.

पिअर्सचा जन्म १९८८ चा. लीग सुरू झाली तेव्हा ती अठ्ठाविशीत होती, पेशाने सुईण होती आणि मेलबर्नच्या दारेबिन फाल्कन्स या क्लबाकडून राज्य पातळीवर अनेक अजिंक्यपदं जिंकून मोकळी झाली होती. २०१३ च्या त्या प्रदर्शनी सामन्यासाठी खेळाडू निवडले गेले तेव्हा मेलबर्नने सगळ्यांत आधी तिचं नाव घेतलं. म्हणजे जिला बघून लीग काढावीशी वाटली, तिची उमेदीची वर्षं लीगच्या आधीच सरली होती. त्यात २०१९ चा हंगाम जुळ्यांच्या बाळंतपणात गेला. २०२० मध्ये ती परतली, २०२२ च्या नोव्हेंबरात कर्णधार म्हणून अजिंक्यपद उचललं आणि थांबली. ५५ हा आकडा खरा आहे, पण तो तिच्या कारकिर्दीच्या शेवटच्या तुकड्याचा आहे.

आणि तिच्याही आधीची पिढी घ्या. डेबी ली. व्हिक्टोरियातली महिला लीग १९८१ मध्ये सुरू झाली, तिथे ली ३०२ सामने खेळली. तीनशे दोन! २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेली ती पहिली स्त्री. एएफएलडब्ल्यूच्या विक्रमांच्या यादीत तिचं नाव शोधाल तर सापडणार नाही, कारण तिथे मोजणीच २०१७ पासून. त्या ३०२ सामन्यांना ना टीव्ही होता, ना पगार. स्वतःच्या खर्चाने, सार्वजनिक मैदानांवर, बहुतेकदा मिळेल त्या वेळेला खेळायचं. पुरुषांच्या यादीत १८९७ पासूनचे सामने सलग मोजतात, अगदी जेव्हा ती फक्त व्हिक्टोरियाची लीग होती तेव्हापासूनचे. बायकांच्या बाबतीत राज्याची लीग वेगळी आणि राष्ट्रीय लीग वेगळी. नियम म्हणून यात काही चुकीचं नाही, कारण दोन्ही लीग खरोखरच वेगळ्या होत्या. पण या नियमाने कोणाचं काय गेलं तेही लिहून ठेवायला हवं.

राज्याच्या महिला लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाला आता लँबर्ट-पिअर्स पदक म्हणतात. त्यातली पिअर्स हीच.

तुम्ही क्रिकेट शिकवलंय, तेव्हा डायना एडलजी आठवा. मुंबईची डावखुरी फिरकी गोलंदाज. १९७६ ते १९९३ अशी सतरा वर्षं आणि कसोट्या वीस, एकदिवसीय चौतीस. बाईंनी खेळायचं टाळलं म्हणून आकडा लहान राहिला, असं कोणी म्हणेल का? सामनेच ठेवले नाहीत.

मेलबर्नहून एक मराठी आई: माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, ऑसकिकपासून (लहान मुलांना फूटी शिकवणारा उपक्रम) खेळतेय आणि आता क्लबकडून खेळते. तिला मोठी कारकीर्द करायची आहे. मला गुडघ्यांची भीती वाटते. शिवाय यात पोट भरतं का?

भीती रास्त आहे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण महिला खेळाडूंत पुरुषांच्या कित्येक पट आहे. शस्त्रक्रियेनंतर परतायला नऊ महिने ते वर्षभर सहज लागतं. इथे पुन्हा वेळापत्रक आडवं येतं. तीन-साडेतीन महिन्यांचा हंगाम, त्याच्या मध्यावर गुडघा गेला तर तो हंगाम संपलाच आणि पुढच्याचीही सुरुवात धोक्यात. २०२२ मध्ये तर जानेवारीत पडलेल्या मुलीला ऑगस्टचा हंगामही बहुतेक विसरावा लागला.

एरिन फिलिप्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ३१ मार्च २०१९, अ‍ॅडलेड ओव्हल, ग्रँड फायनल, ५३,०३४ प्रेक्षक. तिसऱ्या सत्रात तिचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून नेताना अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. संघ जिंकला, त्या दिवसाची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती, त्याआधी अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळून आलेली. तरी परतली, २०२२ मध्ये अ‍ॅडलेडबरोबर पुन्हा अजिंक्यपद जिंकली आणि मग पोर्ट अ‍ॅडलेडची पहिली कर्णधार झाली.

डोक्याच्या दुखापतीचा नियम तुम्हाला माहीत असायलाच हवा. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की किमान बारा दिवस सामना नाही. मग समोर काहीही असो. अ‍ॅडलेडची कर्णधार चेल्सी रँडल २०२१ च्या उपांत्य सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर गेली आणि पुढच्या शनिवारची ग्रँड फायनल तिने बाहेर बसून पाहिली. मुलीच्या क्लबमध्ये कोणी 'बरी दिसतेय, खेळू द्या' म्हणालं तर तुम्ही हे उदाहरण द्या. चौदा वर्षांच्या मुलीसाठी नियम आणखी कडक आहेत आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तिने मैदानात पाऊल टाकू नये.

प्रशिक्षकाला एक गोष्ट थेट विचारा: 'प्रेप टू प्ले' करून घेता का? मुली आणि महिलांसाठी एएफएलने, म्हणजे लीग चालवणाऱ्या संस्थेने, ला ट्रोब विद्यापीठाच्या मदतीने बनवलेला हा सरावाचा कार्यक्रम आहे. वॉर्मअप, उडी मारून नीट उतरणं, दिशा बदलणं, टॅकल (प्रतिस्पर्ध्याला पकडून रोखणं) कसा करायचा आणि अंगावर कसा घ्यायचा, जमिनीवरचा चेंडू कसा उचलायचा, हे सगळं त्यात येतं. उत्तर 'नाही' आलं, तर का नाही ते विचारा.

पोटाचं बोलायचं तर, २०१७ मध्ये बहुतेक खेळाडूंना हंगामाचे ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळायचे आणि मोजक्या बड्या नावांना २७,०००. नर्स, शिक्षिका, सुतारकाम करणाऱ्या, पोलिसातल्या अशा सगळ्या जणी नोकरी संपवून संध्याकाळी सरावाला यायच्या. २०२२ च्या करारात सर्वांत खालच्या श्रेणीचा आकडा २०,२३९ वरून ३९,१८४ वर गेला आणि वरच्या श्रेणीचा ७१,९३५ वर. २०२३ मध्ये पुरुष आणि महिलांचा पहिलाच एकत्रित करार झाला, त्यात २०२७ पर्यंत महिलांचं सरासरी मानधन ८२,००० च्या आसपास नेण्याचं ठरलं. गरोदरपणातल्या संरक्षणाचे नियमही त्यात आले. मेलबर्नमधलं घरभाडं तुम्ही भरताच आहात, तेव्हा ८२ हजारांत काय होतं ते मी सांगायला नको. शिक्षण चालू ठेवायला सांगा. पण तुमची मुलगी वीस-बावीसची होईल तेव्हा हे चित्र आजच्यापेक्षा बरं असेल असं मानायला जागा आहे.

पर्थहून एक अभियंता: आमच्या शहरात दोन संघ. फ्रीमँटलच्या खेळाडूंचे आकडे वेस्ट कोस्टच्या खेळाडूंपेक्षा इतके पुढे कसे? आणि दोनशे सामने कोणी कधी गाठेल का?

पहिल्याचं उत्तर दोन ओळींत. फ्रीमँटल २०१७ च्या मूळ आठ संघांपैकी, वेस्ट कोस्ट २०२० मध्ये आलं. साखळीचे जास्तीत जास्त सामने २०२५ अखेर फ्रीमँटलचे ८९, वेस्ट कोस्टचे ६८. २०१९ मध्ये आलेल्या नॉर्थ मेलबर्न आणि जिलाँगचे ७५. आणि २०२२ च्या ऑगस्टात आलेल्या एसेंडन, हॉथॉर्न, पोर्ट अ‍ॅडलेड, सिडनी या चौघांचे फक्त ४३. त्यामुळे अशा क्लबात वरच्या आकड्याची कोणी दिसली तर ती आधी दुसरीकडे खेळून आलेली आहे, हे डोळे मिटून समजावं.

दोनशेचं गणित मी असं मांडतो. बारा साखळी सामने आणि फायनल्समध्ये जास्तीत जास्त चार. चांगल्या संघातल्या, न दुखावलेल्या खेळाडूला वर्षाला तेरा ते पंधरा. शंभरीच्या जरा पुढे असलेल्या खेळाडूला आणखी सहा-सात हंगाम लागतील. अ‍ॅडलेडची एबनी मॅरिनॉफ १९९७ ची, पहिल्या हंगामात एकोणीस वर्षांची होती आणि तेव्हाच सर्वोत्तम नवोदित ठरली. २०२४ मध्ये लीगची सर्वोत्तम खेळाडू. शंभरीच्या आसपास पोहोचलेल्या पहिल्या काही जणींत ती आहे. दोनशे गाठायचे तर तिला चौतीस-पस्तिशीपर्यंत याच जोमाने खेळावं लागेल. प्रतिस्पर्ध्याला टॅकल करून जमिनीवर आणणं हा जिच्या खेळाचा कणा आहे, तिच्या शरीराकडून ही अपेक्षा मोठी आहे. तरी पैज लावायची झाली तर मी तिच्यावर लावीन.

तिच्याबाबत एक किस्सा पुण्याच्या वाचिकेलाही आवडेल. २०२१ च्या जानेवारीत एका सराव सामन्यात मॅरिनॉफची ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या ब्रीड स्टॅकशी टक्कर झाली. आयर्लंडहून आलेल्या स्टॅकच्या मानेचं हाड मोडलं. मॅरिनॉफवर तीन सामन्यांची बंदी आली. अपिलात ती रद्द झाली. म्हणजे जो सामना कोणाच्याच खात्यात मोजला जात नाही, त्याने हिच्या खात्यातले मोजले जाणारे तीन सामने खाल्ले असते. स्टॅकने पुढे पुनरागमन केलं, हे जास्त महत्त्वाचं.

वेळापत्रक वाढलं तर गणित बदलेल. २०२३ च्या करारात प्रेक्षकसंख्येचं उद्दिष्ट गाठलं तर २०२७ पर्यंत साखळी चौदा सामन्यांपर्यंत न्यायची तरतूद आहे. मैदानावर सरासरी सहा हजार लोक यायला हवेत. पर्थमध्ये राहता, तर तिकीट काढून जा. स्टँडमधल्या तुमच्या खुर्चीचा या विक्रमाशी थेट संबंध आहे.

मडगावहून एक फुटबॉलप्रेमी: पन्नासाव्या, शंभराव्या सामन्याला तिथे काय करतात?

समर्थक मंडळी क्रेप कागदाचा प्रचंड फलक बनवतात, त्यावर खेळाडूचं नाव आणि आकडा. रात्र-रात्र बसून चिकटवलेला तो फलक दोन खांबांना ताणून धरतात आणि संघ त्यातून आरपार धावत मैदानात शिरतो. त्या दिवशीची मानकरी सगळ्यांत पुढे. दोन मिनिटांत त्याच्या चिंध्या होतात. सामना संपल्यावर सहकारी तिला खांद्यावर घेऊन बाहेर नेतात. वारा असला तर फलक संघ यायच्या आतच फाटतो आणि मग सगळे चिंध्यांतून मान खाली घालून पळतात, तेही बघण्यासारखं असतं.

अहिल्यानगरची एक कबड्डीपटू: मी तिशीला आले. दुसरा खेळ खेळून इतक्या उशिरा तिथे कोणी आलंय का, आणि जुने सामने धरतात का?

आलंय. आयर्लंडमधल्या मेयोची कोरा स्टाँटन गेलिक फुटबॉल गाजवून २०१८ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून पहिला सामना खेळली तेव्हा छत्तीस वर्षांची होती, आणि त्यानंतर चाळिशीपर्यंत खेळली. ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळलेली जेस डफिन तीन वेगवेगळ्या क्लबांकडून फूटी खेळली. जुन्या खेळातले सामने धरत नाहीत, खातं शून्यापासून उघडतं. कबड्डीतून थेट तिथे जाणं मात्र अवघड आहे, कारण लाथेने लांबवर चेंडू मारणं आणि उडी मारून तो झेलणं हे अंगात मुरायला वर्षं जातात. टॅकलमध्ये तुम्ही कमी पडणार नाही. ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल तर जवळच्या स्थानिक क्लबात जाऊन विचारा. नवख्या प्रौढ मुलींना घेणारे संघ तिथे बरेच आहेत आणि नावनोंदणी उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या जानेवारी-फेब्रुवारीत, सुरू होते.